त्रिज्या नीट दिसली पाहिजे

फेब्रुवारी उतरणीला लागला की दुपारच्या वाऱ्याबरोबर बारवी धरणाच्या बाजूने धुराचा वास येतो. डोंगराकडची माणसं राब भाजायला घेतात. भाताच्या रोपांसाठी राखलेल्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण, वाळक्या फांद्या पसरतात आणि पेटवून देतात. बेलवलीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत पोचेस्तोवर त्या धुराचा झोंबरेपणा गेलेला असतो. उरतो तो भाजलेल्या मातीचा कोरडा, किंचित गोडसर वास. बाकीच्या बदलापूरला तो उन्हाळ्याची वर्दी देतो, मला दहावीच्या परीक्षेची. एकोणीस वर्षं मी याच वासात भूमितीची उजळणी घेतली. झेरॉक्सच्या दुकानांपुढच्या रांगा, हॉलतिकीट हरवल्याची रडारड, कंपासपेटीत कंपासला बांधलेली पेन्सिल, आणि खिडकीतून येणारा हा धूर.

यंदाही तो आला. मी कपातला चहा दोन्ही तळव्यांत धरून खिडकीशी बसले होते. कपाचा कान धरायचं मी केव्हाच सोडून दिलंय. आणि मला ते वर्ष आठवलं, ज्या वर्षी मी पन्नाशीत पहिल्यांदा कोणाशी तरी मनापासून भांडले.

भांडण एका दुनियेवरून होतं. ती दुनिया कंप्युटरच्या आत होती.

त्याआधीच्या पावसाळ्यापासून माझी बोटं सुजायला लागली होती. डॉक्टरांनी आमवात म्हणून सांगितलं. सकाळी उठल्यावर तासभर मुठी उघडत नसत. दिवाळीपर्यंत खडू धरणं बंद झालं. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर माझा क्लास होता, तो सोडला. इमारतीला लिफ्ट नाही. तीन जिने उतरून पुन्हा चढायचं म्हणजे पुढचे दोन दिवस अंथरुणात. दहावीची आठ मुलं मध्येच लोंबकळत राहिली. मुलं म्हणाली, "बाई, आम्ही वर येतो ना." चार दिवस आलीही. पण मला शिकवायला हात लागतात. शंकू म्हणताना माझे हात शंकू करतात. आणि ज्या दिवशी उठवत नसे, त्या दिवशी पोरांनी मला पांघरुणात बघावं हे मला मान्य नव्हतं. त्याला अहंकार म्हणा हवं तर. मी म्हणते, बाईंना बाई म्हणून राहायचं होतं.

व्हिडिओवर शिकवून पाहिलं. मुलांना माझं कपाळ दिसायचं आणि मला त्यांचे पंखे.

मग रोमा आली. बेलवलीत क्लास काढायच्या आधी मी उल्हासनगरच्या एका शाळेत आठ वर्षं शिकवत होते, तिथली ही माझी विद्यार्थिनी. उल्हासनगरच्याच कॅम्प एकमध्ये तिच्या वडिलांचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आता तीच चालवते. पस्तिशीला टेकलेली, आवाजाने दणदणीत, मराठीत हिंदी आणि हिंदीत सिंधी मिसळून बोलणारी. एका हातात पापडांचं पुडकं आणि दुसऱ्या हाताखाली कंप्युटरचा डबा घेऊन ती तीन जिने चढून आली आणि धापा टाकत म्हणाली, "टीचर, सुनो ना. एक चीज आहे. पूर्ण दुनिया. जमीन, आकाश, पाणी, घर, जे पाहिजे ते बनवायचं. फ्री आहे. आणि सगळा कोड उघडा आहे, कोणी पण वाचा, कोणी पण बदला. आपली दुनिया आपल्या मशीनवर. किसी के बाप का डर नाही."

जगभरच्या हौशी माणसांनी फावल्या वेळात मिळून केलेलं सॉफ्टवेअर होतं ते. रोमाने ते चालू केलं आणि मी एका गोल हिरव्या बेटावर उभी राहिले. चहूबाजूंना समुद्र. माझ्या नावाची बाहुली उंच, गोरी, मुंगीच्या कमरेची. माझ्या कमरेची एकही बाहुली त्यांच्याकडे नव्हती. डोक्यावर पाटी: शुभांगी बाई. ती पाटीही धड नव्हती, अनुस्वार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला होता. पडद्याच्या कडेने चाळीसेक चिमुकली चित्रं. कशाचा अर्थ काय, देवाला ठाऊक. काळ्यावर करड्या रंगात मुंगीएवढी अक्षरं. वर बघायचं तर डाव्या हाताने दोन कळा दाबून धरायच्या आणि उजव्याने माऊस ओढायचा. माझी डावी करंगळी तोवर दाबणं विसरली होती. मी पुढे जायची कळ दाबली, ती वेळेत सोडता आली नाही, आणि सरळ समुद्रात गेले. पहिल्या दुपारी मी सात वेळा समुद्रात पडले.

तरी मी ती दुनिया सोडली नाही. त्याला कारण एक शंकू.

दहावीची मुलं दरवर्षी एका जागी ठेचकाळतात. शंकूची लंब उंची कुठली आणि तिरकस उंची कुठली. फळ्यावर दोन्ही रेघाच दिसतात. रोमाने त्या बेटावर चार मजली इमारतीएवढा शंकू उभा केला, आतून पोकळ. मी म्हटलं, याच्या टोकापासून जमिनीपर्यंत सरळ एक दोर सोड. सोडला. आता बाहेरून भिंतीला लागून वरपर्यंत पायऱ्या कर. केल्या. वाचनालयाच्या मागच्या खोलीत चार जुने कंप्युटर होते, तिथे दुपारी मुलांना बसायची परवानगी मिळाली. मुलं दोघंदोघं एका कंप्युटरवर बसून आळीपाळीने बेटावर आली, शंकूत शिरली, दोराखाली उभी राहिली, मग बाहेर येऊन पायऱ्या चढली. कानातल्या यंत्रातून एकाचा आवाज आला, "अरे, दोर छोटाय आणि जिना मोठा!" एकोणीस वर्षं मी हे वाक्य मुलांच्या तोंडून काढायला धडपडत होते. अंथरुणात उशीला टेकून मी ते ऐकलं आणि माझे डोळे भरून आले.

तेव्हा मला वाटलं, जमलं.

डिसेंबरात एका दुपारी दारावर थाप पडली. दर्शना होती. बारवीच्या रस्त्यापासून आत चालत गेलं की एक पाडा लागतो, तिथली. टमटमने बदलापूरच्या शाळेत यायची. हुशार नव्हे पण चिवट. एका हातात वालाच्या शेंगांची पिशवी, दुसऱ्या हातात मी वापरायला दिलेली कंपासपेटी.

"बाई, ही घ्या. मी नाय येनार आता."

"का गं?"

"नाय जमत मना."

"गणित नाही जमत?"

"गनित नाय." ती दाराच्या चौकटीकडे बघत राहिली. "ता, तिकडं जायाचं नाय जमत."

गेले तीन आठवडे ती वर्गात दिसत नव्हती आणि दोनदा मी तिला फोनवर सुनावलं होतं, जरा लक्ष देत जा म्हणून. मी तिला आत घेतलं, माझ्या कंप्युटरपुढे बसवलं आणि म्हटलं, जा बघू, मी काही बोलणार नाही. वाचनालयातला कंप्युटर मंद चालतो, म्हणून माझाही वेग रोमाला फोन करून तेवढाच मंद करून घेतला. आणि मग मी आयुष्यात पहिल्यांदा एक काम नीट केलं. तोंड मिटून बघत बसले.

दर्शना आत गेली. पडद्यावर फक्त आकाश आणि पाणी. बेट अजून उमटलंच नव्हतं. मंद मशीनवर जमीन उशिरा दिसते. पण दूरवर इतर मुलांच्या नावांच्या पाट्या मात्र तरंगत होत्या. कोणीही शहाणं माणूस करेल तेच तिने केलं, ती पाट्यांच्या दिशेने चालायला लागली. पाचव्या पावलाला बेटाची न दिसणारी कड आली आणि ती समुद्रात गेली. पडदाभर निळा अंधार. वर यायचं असेल तर दोन कळा एकदम दाबून उडायचं असतं, ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. तिने काहीबाही दाबलं. एक चौकट उघडली: परवानगी नाही.

"कोनाची परवानगी?" दर्शना म्हणाली. "विचारायचा कोनाला, ता लिहितच नाय."

मी खुर्ची तिच्याजवळ सरकवली.

"रोज असाच व्हतं. मग सगली बोंबलतात, दर्शना बुडाली, दर्शना बुडाली." ती हसायचा प्रयत्न करत होती. "बाई, मी खरी पोहते. सहा वर्सांची व्हती तवापासून. ह्या पान्यात हातपाय मारायचा बटनच नाय."

तिची चूक एवढीच होती की ती जमीन उमटेपर्यंत थांबली नाही. आणि थांबायचं असतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सॉफ्टवेअरने नाही, मीही नाही. पूर्वपरीक्षेत ती नापास झाली होती, गणितात तेरा. तिच्या बापाने सांगून ठेवलं होतं की दहावी गेली तर अंबरनाथला कंपनीत पॅकिंगला लावीन. पंधरा वर्षांची मुलगी आमच्यामुळे बाहेर पडत होती, आणि मी तिला लक्ष देत जा म्हणत होते.

शेंगा मी ठेवून घेतल्या. कंपासपेटी परत तिच्या हातात दिली. म्हटलं, "आठ दिवस दे मला."

त्या आठवड्यात मी त्या दुनियेचा पेपर तपासायला घेतला. लाल पेनाऐवजी रोमाची बोटं. मी सांगायची, ती टाइप करायची. अकरा तक्रारी निघाल्या. नवीन माणूस आल्यावर जमीन उमटेपर्यंत त्याचे पाय हलू देऊ नका. पाण्यात पडलेल्याला किनाऱ्यावर आणणारं एक मोठं बटण द्या. एका कामाला एकच बोट लागू द्या. चूक झाली तर नुसतं नाही म्हणू नका, पुढे काय करायचं ते सांगा. आणि आमची अक्षरं मोडू नका. त्या दुनियेत फळ्यावर 'त्रिज्या' लिहिलं की पाय मोडलेला त, त्याच्या पलीकडे र, वेलांटी भलत्याच अक्षरावर आणि पुढे अर्धा ज एकटाच लोंबकळत, असं काहीतरी उमटायचं. मुलं मुद्दाम तसं वाचून खिदळायची. मी लिहायला लावलं: जो शब्द मुलाला नीट वाचता येत नाही, तो त्याने नीट समजून घ्यावा अशी अपेक्षा करू नये. प्रत्येक तक्रारीखाली दर्शनाने काय केलं, कुठे अडली, काय म्हणाली, हे जसंच्या तसं.

त्यांच्या तक्रारींच्या फळ्यावर रोमाने ते सगळं इंग्रजीत करून लावलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. देखभाल करणाऱ्यांतला मुख्य माणूस, नाव मार्टिन, युरोपात कुठेतरी राहणारा. त्याचं म्हणणं असं की, जे आहे ते असंच असायला हवं. कळा शिकून घ्याव्यात. हे मुळात अशा वापरकर्त्यांसाठी नाही. कोड खुला आहे, आवडत नसेल तर स्वतः बदला. खाली शिक्का: तक्रार बंद.

संध्याकाळी माझे यजमान प्रकाश अंबरनाथहून कारखान्यातून आले. शिफ्ट ऑफिसर आहेत, शांत माणूस. त्यांना वाचून दाखवलं.

"फुकटचं आहे ना ते?" बूट काढता काढता ते म्हणाले. "धर्माच्या गाईचे दात कशाला मोजायचे?"

"दात नाही मोजत. ती पोरीला लाथ मारते, तेवढंच सांगतेय."

जेवताना मी त्यांना दर्शनाचं सगळं सांगितलं. पोळीचा तुकडा हातात तसाच धरून त्यांनी ऐकलं, आणि मग म्हणाले, "आमच्याकडे एकाच पायरीवर तीन माणसं घसरली तर आम्ही पायरी तोडून नवी करतो. माणसं नाही बदलत. हे लिही त्यांना."

मी लिहिलं, आणि तक्रार पुन्हा उघडली.

त्यांनी बंद केली. मी उघडली. या वेळी वाचनालयातल्या चार मुलांना एकच काम दिलं, सगळ्यांनी शंकूच्या आत येऊन गोल करून बसा, आणि रोमाने त्यांचे पडदे टिपून घेतले. चौघांपैकी तिघं पाण्यात. ते चित्रीकरण जोडलं. कोणीतरी खाली लिहिलं, आधी माहितीपुस्तक वाचा. मी उत्तर दिलं, वाचलं, त्यातल्या कळांची नावं तीन वर्षांपूर्वीच्या आवृत्तीतली आहेत, ती बाराव्या क्रमांकाची तक्रार समजावी. पुन्हा बंद. मला चीड यायची ती नकाराची नव्हे. नकार मी खूप पचवलेत. 'अशा वापरकर्त्यांसाठी' या दोन शब्दांची चीड यायची. अशा म्हणजे कशा? वाकड्या बोटांच्या? जुन्या मशीनच्या? जोडाक्षरांच्या? मग उरलं कोण, ज्याच्यासाठी ही अख्खी दुनिया बांधली?

"टीचर, टेन्शन मत लो," रोमा म्हणाली. तिच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक होती. "त्याने काय लिहिलं? कोड खुला आहे, स्वतः बदला. ठीक आहे ना. बदलते."

"तुला येतं?"

"नाही. पण तुम्हाला पण तेव्हा वाटलं नव्हतं मला बीजगणित येईल."

जानेवारीभर तिचं तेच चाललं. सकाळी दुकान, दुपारी दुकानाच्या मागच्या टेबलावर ती दुनिया उघडून तिची आतडी बघायची. फोन करून मला विचारायची, हे असं असेल तर तसं, तसं नसेल तर काय, आणि मी कोडमधलं ओ की ठो कळत नसताना तिला कागदावर पायऱ्या मांडायला लावायची, सिद्धता लिहितात तशा. पहिल्या बदलाने अख्खं बेटच गायब झालं. दुसऱ्याने आम्ही सगळे आकाशात उलटे लटकलो. ती दुकानातल्या गोंगाटातून ओरडायची, "साईं, अजून एकदा!" आणि गिऱ्हाईक घाबरायचं. महिन्याच्या शेवटी तीन गोष्टी उभ्या राहिल्या. जमीन उमटेपर्यंत पाय जागचे हलत नव्हते, आणि तोवर मराठीत लिहून यायचं, थांबा, जमीन येत आहे. पाण्यात पडलं की पडद्याच्या मधोमध तळहाताएवढं बटण यायचं, किनाऱ्यावर चला. आणि फळ्यावर 'त्रिज्या' उमटली. वेलांटी जागेवर, जोडाक्षरं अभंग. मी तो शब्द कितीतरी वेळ बघत बसले. आयुष्यात हजारदा लिहिलेला शब्द, पण तो इतका देखणा असतो हे माहीत नव्हतं.

त्या दुपारी दर्शना शंकूत आली. सर्वांत आधी आली. कानात तिचा आवाज, "बाई, मी पोचली." बस. पण मागे वाचनालयाच्या खोलीत कोणी हसलं नाही.

रोमाने ते तीन बदल मार्टिनला पाठवले, घ्या, तयार आहेत. उत्तर: याची गरज नाही, कोणी मागितलेलं नाही.

मी मागितलं होतं. अकरा तक्रारींच्या खाली माझं नाव होतं. मी कोणी नव्हते?

राबाचा वास यायला लागला होता. परीक्षा दोन आठवड्यांवर. त्यांची महिन्यातून एकदा खुली बैठक असायची, त्याच दुनियेत, त्यांच्या एका बेटावर, त्यांची सकाळ आणि आमची दुपार. प्रकाश म्हणाले, "जा. आणि इंग्रजी अडलं तर मराठीत बोल, रागातलं सगळ्यांना कळतं." रोमाने माझ्या बाहुलीला साडी करून दिली होती, ती पायाला रंगवल्यासारखी चिकटायची, पण साडी होती. बैठकीत वीसेक बाहुल्या. कोणी घोडा, कोणी यंत्रमानव, कोणाला पंख. मधोमध मार्टिन, साध्या माणसाच्या रूपात. माझी पाळी आली. मोडक्या नाही, पण आमच्या वळणाच्या इंग्रजीत मी दर्शनाची सगळी गोष्ट सांगितली.

मार्टिन ऐकून घेऊन म्हणाला, "बाई, आम्ही इथे कोणीही पगार घेत नाही. हे सगळं आमच्या फावल्या वेळातलं काम आहे."

हे मला पटत होतं, म्हणूनच मी उत्तर जपून दिलं. "मीसुद्धा त्या मुलीला फुकटच शिकवते. पण फुकट शिकवते म्हणून चुकीचं शिकवायचा हक्क मला मिळत नाही."

घोडा नुसता शेपूट हलवत होता.

"एक छोटं काम कराल?" मी म्हटलं. "डावा हात पाठीमागे घ्या. उजव्या हाताची मूठ करा आणि मुठीत एक पेन्सिल धरा. कळा फक्त त्या पेन्सिलीने दाबायच्या. आणि आमच्या बेटावर या, शंकूच्या आत बसा. आम्ही केलेले बदल मी बंद ठेवलेत, तुमचं मूळचं आहे तसं आहे. कंप्युटरचा वेग आमच्या वाचनालयाइतका ठेवा. एवढंच."

मला वाटलं, नाही म्हणेल. त्याने पेन्सिल शोधली, तिचा खडखडाट ऐकू आला. बैठकीतले सगळेच मागोमाग आमच्या बेटावर आले. मार्टिनची पाटी उमटली. तो चार पावलं चालला, डोकं वर करायला गेला, जमलं नाही, वळायला गेला, आणि समुद्रात गेला. पाण्याखालून त्याचा आवाज येत राहिला. आधी हसला. मग पेन्सिलीची टकटक. मग एक शिवी, त्याच्या भाषेतली, पण शिवी कळते. दोन-तीन मिनिटं तरी तो खाली होता. आम्ही कोणी मदत केली नाही. शेवटी तो म्हणाला, "वर कसं यायचं, ते मला माहीत आहे. मीच ते लिहिलंय. पण त्या कळा एका पेन्सिलीने दाबता येत नाहीत."

"तिसरी तक्रार," मी म्हटलं. "एका कामाला एकच बोट."

तो एकदम माझा मित्र झाला वगैरे काही नाही. बैठक सोडून गेला. आठवड्याने तिसरी तक्रार आणि आमच्या तीन बदलांच्या तक्रारी त्याने स्वतः उघडल्या, ते बदल तपासायला घेतो म्हणाला, आणि रोमाच्या कोडमध्ये सतरा चुका काढून पाठवल्या. रोमा दोन दिवस धुमसली, मग सतराही दुरुस्त केल्या. बाकीच्या तक्रारी त्याने बंदच ठेवल्या. मी त्या दर महिन्याच्या एक तारखेला उघडत राहिले. अजूनही उघडते.

परीक्षेच्या आदल्या दुपारी शेवटचा तास घेतला. शंकू, वृत्तचिती, गोल, सगळे आकार एका रांगेत, आणि मुलं त्यांच्यामधून हिंडत एकमेकांना प्रश्न विचारत होती. माझा सकाळपासून हात उठत नव्हता. मी पडल्या पडल्या एका बोटाने एक कळ दाबत त्यांच्या मागून चालत होते. तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरून त्यांच्या परीक्षाकेंद्रापर्यंत मी जाऊ शकणार नव्हते, दही-साखर हातावर ठेवू शकणार नव्हते. पण त्या दुपारी मी चालले. हे लिहिताना कोणाला वाईट वाटावं असं मला वाटत नाही. मला चालायचं होतं आणि मी चालले, त्यासाठी मी भांडले, एवढंच.

दर्शना पास झाली. गणितात बेचाळीस. बेचाळीस म्हणजे काही पेढे वाटण्यासारखं नाही असं शेजारच्या काकू म्हणाल्या. मी पूर्ण मजल्यावर वाटले. निकाल घेऊन ती वर आली तेव्हा सोबत तिचा बाप होता. दारातच उभा राहिला, आत येईना. म्हणाला, "शिकूं द्या तिला. मी काय बोलत नाय." ती आता अंबरनाथला बारावीत आहे, आणि शनिवारी वाचनालयात माझ्या नव्या मुलांना बसवते. मुलांना काही येईनासं झालं की आधी मुलांकडे नाही, पडद्याकडे संशयाने बघते. हे तिला मी शिकवलेलं नाही, पण शिकवल्याचा अभिमान मी घेते.

परवा त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. रोमाचे बदल तिच्यात आहेत, जगभर. जिथे जिथे कोणी ती दुनिया उघडेल, तिथे जमीन येईपर्यंत त्याचे पाय थांबतील, आणि आमची अक्षरं शाबूत उमटतील. बदलांच्या यादीत रोमाचं नावही आहे. तिने त्या पानाची प्रत काढून दुकानात गल्ल्याच्या वर चिकटवलीय. मलाही आनंद झाला. मग मी ती ओळ पुन्हा वाचली. लिहिलं होतं: वृद्ध आणि अपंग वापरकर्त्यांसाठी केलेली सोय.

दर्शना समोर मुलांच्या वह्या लावत बसली होती. तिला मराठी करून वाचून दाखवलं.

तिने मान वर केली. "बाई, यातली मी कोन?"

खिडकीतून धूर येत होता. मी कंप्युटर पुढे ओढला, उजव्या हाताच्या मुठीत पेन्सिल धरली, आणि एकेक अक्षर दाबत रोमाच्या मदतीशिवाय पहिल्यांदाच स्वतः लिहायला सुरुवात केली: तेरावी तक्रार. सोय हा शब्द खोडा. दुरुस्ती लिहा.